विसळलेला कप

गाव सोडलं त्या दिवशी अण्णा मला फाट्यापर्यंत सोडायला आले होते. माझी पत्र्याची पेटी त्यांच्या डोक्यावर आणि आईनं बांधून दिलेल्या भाकरी माझ्या हातात. एसटीला अवकाश होता. फाट्यावर नुकतंच एक हॉटेल झालं होतं, म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि वर पत्रा. अण्णा म्हणाले, "च्या घेऊ." बापाबरोबर बाहेरचा चहा प्यायची माझी ती पहिलीच वेळ, म्हणून मी ऐटीत आत जाऊन बसलो. वळून बघतो तर अण्णा बाहेर बाभळीखाली उकिडवे. हॉटेलवाला परगावचा होता. तो बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बाबा, आत बसा की, जागा हाय." अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हितं वारं हाय."

वारं कसलं, झाडाचं पान हलत नव्हतं. शेवटी मीच माझा ग्लास घेऊन बाहेर गेलो. चहा झाल्यावर अण्णांनी माझा ग्लासही हातातून काढून घेतला, टाकीच्या नळाखाली दोन्ही विसळले आणि भट्टीच्या कडेला पालथे घातले. आत बसलेली कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघून हसली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. गाडीत बसल्यावर खिडकीशी येऊन अण्णा म्हणाले, "कुनाकडं गेलास, च्या पिलास, तर कप इसळून ठिवायचा. कुनाला बोलायला जागा ठिवायची न्हाई." दुसऱ्यांचे बाप निरोप देताना जिवाला जप म्हणतात. आमच्या अण्णांनी मला कप जपायला सांगितला.

विलास, तू माझा धाकटा भाऊ, तू गावातच राहिलास, म्हणून तुला हे वेगळं सांगायला नको. पण आपल्यातली जी पोरं पुण्याला, नाशिकला, माझ्यासारखी मुंबईला येऊन राहिली, त्यांच्या लेकरांना हे कुणी सांगितलेलं नसणार. आपण बौद्ध. अण्णा ज्या मालकाच्या विहिरीवर कामाला होते, त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा. तो अण्णांचा. चहाच्या वेळी तो काढायचा, पुढं धरायचा, मालकीण वरून चहा ओतायची. पिऊन झाला की धुऊन परत वळचणीला. पुढं काळ बदलला, मालकाची मुलं शिकली, आणि अण्णांना घरातला कप मिळायला लागला. कप आतला, पण विसळायचा अण्णांनीच. हे कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं आणि कुणी तोंडानं बंदही केलं नाही. मी लहानपणी अण्णांबरोबर जायचो तेव्हा मलाही बशीत चहा मिळायचा आणि ती बशी मी धुवायचो. मालकीणबाई चांगल्या होत्या. मला वर गुळाचा खडाही द्यायच्या.

मुंबईत मी घाटकोपरला मामाच्या खोलीत उतरलो आणि त्याच संध्याकाळी मामानं मला टपरीवर नेऊन कटिंग पाजलं. गावाकडं आपला गुळाचा, शेळीच्या दुधाचा चहा, धुराचा वास मारणारा. आणि हा आलं ठेचून घातलेला, इवलासा, तोंड पोळवणारा. पण मला खरा आवडला तो तिथला बादलीचा कारभार. टपरीवाल्याकडं एकच बादली, त्यात साबणाचा पत्ता नाही, पाणी चहाच्याच रंगाचं, आणि सगळ्यांचे ग्लास त्यात एकत्र बुचकळायचे. मारवाडी दुकानदार, भय्या, रिक्षावाले, मामा आणि मी. ग्लास ठेवायचा आणि चालू पडायचं. मी मामाला म्हणालो, किती घाण आहे रे हे. मामा म्हणाला, "घाण सगळ्यांची हाय ना? मग पी गप." इतकी समता मी आधी कुठं पाहिली नव्हती.

घरातल्या चहाची गोष्ट वेगळी. मुलुंडच्या एका लहान कारखान्यात मला नोकरी लागली, औषधांच्या खोक्यांवर छपाई करणारा कारखाना. दिवाळीला साहेबांनी सगळ्यांना घरी बोलावलं. चहा झाला आणि मी काही विचार करण्याआधीच माझे पाय स्वयंपाकघराकडं वळले होते. कप विसळून ओट्यावर पालथा घातला तशा साहेबांच्या आई म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात संस्कार. नाहीतर आमची मुलं!" सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मी हसलो. काय सांगणार होतो? की आजी, हे संस्कार नाहीत, वळचणीचा कप आहे? सणाच्या दिवशी कुणाच्या तोंडचा लाडू कडू कशाला करायचा. आणि खरं सांगायचं तर मला ते कौतुक गोड लागलं.

तेव्हापासून मी कप धुणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. कुणी नावं ठेवली असती तर सवय कदाचित सुटलीही असती, पण कौतुक झालं की खोड पक्की होते. बायको, सुनीता, लग्नानंतर सुरुवातीला लाजायची, "तुम्ही पुरुष असून लोकांच्या मोरीत काय जाता?" मग तिनंही सोडून दिलं. कारखान्यात मशीनचा चहा आला, कागदी कप आले, आणि मला मोठाच दिलासा मिळाला. प्यायचं, चुरगाळायचं, टाकायचं. पण अलीकडं नव्या मॅनेजरबाईंनी पर्यावरणासाठी म्हणून कागदी कप बंद केले आणि प्रत्येकाला त्याचं नाव छापलेला मग दिला. प्रत्येकाचा वेगळा कप, दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही, आपला आपण धुवायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. माझ्या नावाचा मग मी ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. विचारलं तर सांगतो, ॲसिडिटी आहे, चहा कमी केलाय.

आता आमचं घर मुलुंडलाच आहे, पूर्वेला, सोसायटीत. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, ती दारातून दिसते. आम्ही कोण हे कुणापासून लपवलेलं नाही, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हा भावंडांना वाटेल दादानं मुंबईत जाऊन आडनावाआड तोंड लपवलं. समोरच्या दारात सावंत कुटुंब. ते कुडाळकडचे, वहिनींचे सासरे गिरणीत होते. आमची यशू आणि त्यांची सायली एका वर्गात, दहावीला. मासे त्यांच्याकडं झाले की वाटी आमच्याकडं येते, आमच्याकडं शेंगुळे झाले की डबा तिकडं जातो. सावंतवहिनींचा चहा म्हणजे गवती चहा घातलेला, साखर जास्त. मला तो या अख्ख्या शहरात सगळ्यात जास्त आवडतो. आणि त्यांच्या ओट्यावर मी आजवर किती कप पालथे घातले असतील याला गणती नाही.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. जिन्यात भेटल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमची यशू अगदी तुमच्यावर गेली हां. चाय पिली काय कप धुऊनच ठेवते. आमच्या सायलीक जरा शिकवा, ती मेली टेबलावर टाकून जाते."

मी नेहमीसारखा हसलो आणि घरी येऊन बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. आम्ही यशूला इंग्रजी शाळेत घातलं, पोहायला शिकवलं, कुणासमोर मान खाली घालायची नाही म्हणून सांगितलं. आणि ही गोष्ट मी तिला कधी शिकवली? एका शब्दानं नाही. तिनं फक्त बघितलं होतं, जसं मी अण्णांना बघितलं होतं. वळचणीचा तो कप मालकाच्या घरातून कधीच गेला, गोठाही गेला, आणि माझ्या पोरीच्या हातात तो मीच दिला होता.

त्या रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "यशू, लोकांकडं कप धुवायचा नाही."

"का?"

"पाहुण्यानं धुवायचा नसतो."

"तुम्ही धुता ना पप्पा, कायम."

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

सुनीता माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "भात वाढ." कारण सांगायचं म्हणजे अण्णांना उकिडवं बसलेलं तिच्यापुढं आणायचं. तिच्या डोळ्यात अण्णा म्हणजे मिशीवाले, गोष्टी सांगणारे, विहिरीत सूर मारणारे आजोबा. ते मला मोडायचं नव्हतं. निदान तेव्हा मी स्वतःची समजूत अशी घातली.

मग ठरवलं, बोलण्यापेक्षा करून दाखवावं. रविवारी यशूला घेऊन सावंतांकडं गेलो. चहा प्यालो आणि कप टीपॉयवर ठेवला. सावंत क्रिकेटचं बोलत होते, मी हो हो करत होतो, पण माझं सगळं लक्ष कपाकडं. आत तळाला चहा वाळत चालला होता. कुणाच्या तरी लक्षात येईल, कुणीतरी मनात म्हणेल, असं सारखं वाटत होतं. अंगात काहीतरी चढल्यासारखा मी उठलो, कप उचलला, सावंतांचाही उचलला, यशूचाही, आणि तिन्ही धुऊन आलो. बाहेर आलो तेव्हा सगळे हसत होते. यशू हसत नव्हती.

दिवाळीनंतर अण्णा आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. विलास, तूच गाडीत बसवून दिलंस. डोळ्याची पट्टी निघाली आणि सावंतवहिनींनी आम्हाला सगळ्यांना चहाला बोलावलं. मी निघण्याआधीच घाबरलो होतो. अण्णा बाहेर पॅसेजमध्ये बसले तर? आपण होऊन मोरीत गेले तर? मी त्यांना काहीबाही समजावत होतो आणि ते काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघत होते.

अण्णा थेट आत गेले आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. चहा बशीत ओतला, मोठ्यानं आवाज करत प्याले. "बाई, झकास झालाय च्या," म्हणाले. अजून अर्धा कप मागून घेतला. आणि मग कपबशी तशीच सोफ्याच्या हातावर ठेवून, वहिनींना हात जोडून, उठले आणि चालायला लागले.

मी काय केलं असेल? मी अण्णांची कपबशी उचलली, आत नेली आणि धुतली. आपल्या बापाचा उष्टा कप दुसऱ्याच्या घरात राहिला याची मला लाज वाटली होती.

घरी आल्यावर यशूनं विचारलं, "आजोबा, तुम्ही कप नाही धुतला?"

अण्णा म्हणाले, "कटाळा आला बाळा. लई धुतलं."

"लई म्हणजे? हॉटेलात होता तुम्ही?"

अण्णा हसले आणि मग त्यांनी तिला सांगितलं. वळचण, तुटलेला कान, वरून ओतलेला चहा, सगळं. जसं विहिरीतल्या सुराचं सांगायचे तसंच, त्याच आवाजात. माझ्या बशीचंही सांगितलं. म्हणाले, "तुझा बाप ग्वाड पोरगं. बशी अशी चाटूनपुसून धुवायचा, की आत त्वांड दिसावं." यशू सगळं ऐकत होती, अण्णांच्या मांडीवर हात ठेवून. तिच्या डोळ्यात ते मोडले नाहीत. मोडलो असेन तर मी. कारण सगळं ऐकून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "पप्पा, मग काकू तुमचं कौतुक करतात तेव्हा तुम्ही हसता कशाला?"

अण्णा गावी परतले. पुढचं तुम्हाला त्यांनी सांगितलेलं नाही, कारण ते इथं नव्हते.

एका संध्याकाळी सावंतवहिनी दारात आल्या. काळजीनं म्हणाल्या, "यशू बरी आहे ना, भावजी? आज कप तसोच ठेवून गेली. काही बोलली पण नाही. सायलीशी भांडण झालंय काय?"

यशू माझ्या मागं हॉलमध्ये बसली होती. हीच वेळ होती. मला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "नाही हो वहिनी, परीक्षेचं टेन्शन आहे."

दार लावून वळलो तर यशू उभी. "कसलं टेन्शन, पप्पा?" तिनं चप्पल घातली आणि समोरचं दार वाजवलं. मी आतल्या बाजूनं दाराला कान लावून उभा, चोरासारखा. काही ऐकू आलं नाही. सुनीता म्हणाली, "बसा ना खाली." मला बसवेना.

बऱ्याच वेळानं यशू आली.

"काय म्हणाल्या?"

"आधी त्यांना कळलंच नाही. मग म्हणाल्या, आमच्या कुडाळच्या घरी पण होता असा एक कप. पडवीत, कोनाड्यात. त्यांनी लहानपणी एकदा त्यातून पाणी प्यालं म्हणून आजीनं मारलं होतं त्यांना."

"आणि तुझा कप?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. यशूनं माझ्याकडं असं बघितलं, की आजही आठवलं तरी मान खाली जाते. "तिथेच आहे यार, पप्पा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर काही दिवस समोरचं दार वाजलं नाही. वाटी आली नाही. जिन्यात वहिनी भेटल्या तर घाईत असल्यासारख्या पुढं गेल्या. आणि मी, तुमचा दादा, मनातल्या मनात पोरीवर चिडलो. इतक्या वर्षांचा शेजार, कशाला उकरायचं ते सगळं? मला वहिनींच्या तोंडचं ते कौतुक परत हवं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण न लिहिता ठेवलं तर ती लाजही कपासारखी विसळून पालथी घातली असं होईल.

मागच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. "भावजी, चाय ठेवलंय." मी एकटाच गेलो. सावंत बाजारात गेले होते. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. गवती चहा नेहमीचाच, साखर नेहमीपेक्षाही जास्त. बोललो पाण्याच्या मोटरवर, सायलीच्या क्लासवर. कपाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. चहा संपला. मी कप हातात धरून बसलो. वहिनींनी माझ्याकडं बघितलं नाही, खिडकीकडं बघत हळूच म्हणाल्या, "ठेवा थंयच."

मी ठेवला. उठलो. दारापर्यंत गेलो. पॅसेज ओलांडून आपल्या दारात आलो. गावाहून मुंबईला यायला मला एक रात्र लागली होती, पण त्या पॅसेजला जास्त वेळ लागला.

तुम्ही फोनवर विचारता, दादा, आता तुला घर कुठलं वाटतं, गाव का मुलुंड? मी सांगतो, दोन्ही. खोटं सांगतो. गावी आलो की विलासच्या बायकोच्या हातातला चहा पिऊन मी कप धुतो, आणि ती रागावते. इथं, ज्या घराच्या दारावर माझं नाव आहे तिथंही मी चहा पिऊन लगेच कप धुतो, आणि सुनीता रागावते. यशू कप कुठंही ठेवते. पुस्तकांवर, खिडकीत, पलंगाखाली. तिला सगळीकडं घरीच असल्यासारखं वाटतं. मला ते अजून कुठंच वाटलेलं नाही, आणि यात मुंबईचा काही दोष नाही.

त्या रविवारी मी दार लावून आत उभा होतो. समोरच्या स्वयंपाकघरात नळ सुटला, भांड्याला भांडं लागलं. माझा उष्टा कप दुसरं कुणीतरी धूत होतं. मला धावत जाऊन तो हिसकावून घ्यावासा वाटत होता. नळ बंद होईपर्यंत मी कडी घट्ट धरून, माझ्याच घरात उभा राहिलो.